चौकटीबाहेरचे हात

संगीताची शिकवणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत पडद्यावर गेली, असं आपण म्हणतो. परदेशातल्या मराठी घरांत ती त्याआधीच गेली होती. पुण्यातला रविवारचा सकाळी साडेसहाचा क्लास म्हणजे न्यूजर्सीतली शनिवारची रात्र. उन्हाळ्यात नऊ, हिवाळ्यात आठ. टाळेबंदी उठल्यावर मात्र दादरची मुलंही दादरच्याच सरांकडे फोनवरून शिकत राहिली. रहदारी, शाळेचा अभ्यास, आईबाबांच्या नोकऱ्या. कारणं खरी आहेत.

या शिकवणीत सूर पोहोचतो, बोल पोहोचतात, स्वरलिपी तर आदल्या दिवशीच पोहोचलेली असते. शरीर तेवढं पोहोचत नाही. फोनचा कॅमेरा चेहऱ्यासाठी लावला जातो आणि वाद्य चेहऱ्याने वाजत नाही. चूक झाली हे कानाला कळतं, ती का झाली हे डोळ्याला. नुसत्या कानावर शिकवायचं तर कारण सापडेपर्यंत चुकीची सवय मुरलेली असते.

चौकटीबाहेर काय काय राहिलं, त्याची ही नोंद.

डग्ग्यावरचं मनगट

डाव्या हाताचं मनगट डग्ग्याच्या मैदानावर टेकलेलं असतं. बोटं शाईपलीकडे पडतात, मनगट दाब देत किंचित पुढे सरकतं आणि ‘घे’ वर चढतो. घुमारा तिथून येतो. फोनच्या छोट्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, त्यामुळे सरांना डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही. येतो तो टप्प असा आवाज. मनगट अधांतरी ठेवून हात आपटणारा मुलगा आणि मनगटाने मींड काढणारा मुलगा पलीकडे सारखेच ऐकू येतात. फरक फक्त दिसू शकतो, आणि बहुतेक घरांत डग्गा चौकटीत अर्धाच असतो.

टेकलेली अनामिका

‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर पडून लगेच उठते. अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली राहते. शाईमुळे आपल्या तालवाद्यांतून एकमेकांशी सुरेल जुळणारे उपस्वर निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं. टेकलेली अनामिका त्यांतला तळाचा स्वर दाबून धरते आणि वरचा मोकळा वाजतो. बोट जड पडलं तर ‘ना’ बसतो, टेकलंच नाही तर पसरतो. समोरासमोर हे एका नजरेत कळतं. फोनवर बसका ‘ना’ ऐकला की दोन्हीकडचे लोक आधी नेटला दोष देतात.

‘तिट’ची बोटं

दिल्लीचा बाज दोन बोटांचा म्हणून ओळखला जातो: मध्यमा, मग तर्जनी. पूरबेकडे ‘ति’ला मागची बोटं एकत्र पडतात आणि ‘ट’ला तर्जनी. शिकाऊ मूल सरांकडून एक पद्धत शिकतं, व्हिडिओ बघून दुसरी उचलतं आणि दोन्हींची सरमिसळ करतं. सावकाश लयीत फोनवरून काहीच कळत नाही. पुढे कायदा दुगुणीत घेतला की हात अडतो, आणि तेव्हा मुळापासून सुरुवात करावी लागते.

खांदा

‘धिरधिर’ पंज्याचं काम आहे. पंज्याची एक बाजू, मग दुसरी. मनगट सैल नसेल तर मूल ते काम खांद्याकडून करून घेतं. खांदा कानाकडे चढतो, मान आखडते, तरीही बोल स्वच्छ येऊ शकतो. कान म्हणतो, ठीक आहे. दुखणं खूप नंतर सुरू होतं. कॅमेरा तबल्यावर रोखला तर खांदा दिसत नाही, चेहऱ्यावर रोखला तर पंजा दिसत नाही.

हातोडी

क्लासला गेल्यावर सर आधी मुलाचा तबला मिळवून घेत. गजऱ्यावर हातोडीचे ठोके, समोरासमोरची घरं, पुन्हा ठोका. मूल रोज बघे आणि कधीतरी हातोडी त्याच्या हातात येई. आता तबला घरी असतो. कोरड्या हवेत कातडं ताणून सूर चढतो, पावसाळ्यात उतरतो. परदेशातल्या घरांत हिवाळ्यातली हीटरची हवा वेगळीच. सर फोनवरून ‘डावीकडचं घर थोडं चढव’ म्हणतात. कुणाच्या डावीकडचं, यावर पाच मिनिटं जातात.

सतारीचा तोल

भोपळा डाव्या पावलावर, उजवी मांडी वरून, उजव्या हाताचा भार भोपळ्यावर. सतार एवढ्यावर उभी राहिली पाहिजे. जुनी परीक्षा सोपी आहे: डावा हात सोडायला सांगायचा. सतार जागेवर राहिली तर बैठक बरोबर. कलंडली तर डावा हात आजवर दांडी सांभाळत होता आणि उरलेल्या ताकदीत वाजवत होता. अशा हाताची मींड पूर्ण स्वरापर्यंत पोहोचत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं मुलाचा सूर कच्चा आहे. दोष कानात नसून बैठकीत असतो.

मिझराबीची दिशा

सतारीवर ‘दा’ आतल्या बाजूला, ‘रा’ बाहेरच्या. हा क्रम उलटला तरी सावकाश गतीत स्वर तेच येतात. झाल्यात मात्र गणित कोलमडतं. व्हिडिओत सेकंदाला साधारण तीस चित्रं, नेट मंदावलं की त्याहून कमी. द्रुत लयीत तर्जनी नुसती धूसर दिसते. म्हणून दिशा विलंबितातच बघून घ्यावी लागते; नंतर बघायची सोय नाही.

भाता

पेटीचा भाता वाजवणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला असतो. फोन समोर खाली ठेवला तर भाता दिसतो, पट्ट्या दिसत नाहीत. फोन वर धरला तर पट्ट्या दिसतात, भाता नाहीसा होतो. नवशिकं मूल प्रत्येक स्वराला भाता मारतं, आणि मींडेचा भास देणारी सलग हवा त्यामुळे तुटते. ऐकू येतात ते हिसके. फोनवरच्या आवाजात हिसके असतातच, म्हणून तेही खपून जातात.

गज

आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. वाद्याचं टोक उजव्या पावलाशी, दुसरी बाजू छातीशी. गज तारांना काटकोनात फिरला पाहिजे. समोरच्या कॅमेऱ्यातून तो वाकडा असला तरी सरळ दिसू शकतो आणि सरळ असला तरी वाकडा. त्याचा कोन बघायला शिक्षक विद्यार्थ्याच्या शेजारी जाऊन बसत. शेजारची जागा पडद्यावर नाही.

बासरीची बाजू

विद्यार्थ्याला स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं आणि सरांचं सुलटं. सरांची बासरी पडद्याच्या एका बाजूला, आपली दुसऱ्या बाजूला. मूल गोंधळून बासरी फिरवतं. त्यात हरिप्रसाद चौरसियांचे व्हिडिओ बघितलेले असतात. चौरसिया आधी उजव्या बाजूला वाजवत. अन्नपूर्णादेवींकडे पुन्हा पहिल्यापासून शिकायची तयारी दाखवायला त्यांनी बाजू बदलली आणि डावीकडे वाजवू लागले. तो त्यांचा निश्चय होता. नकळत डावरं झालेल्या मुलाला तो कुणी सांगत नाही.

पंचवीस दोष

गाणाऱ्याचं काय बघायचं, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. गाणं तर ऐकू येतंच.

देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवांनी ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. बेसूर, बेताल, अस्पष्ट, नाकातून गाणं असे ऐकू येणारे दोष त्यात आहेतच. पण पुढचेही आहेत: दात आवळून गाणारा संदष्ट, तोंड अक्राळविक्राळ उघडणारा कराली, मान उंच ताणणारा करभ, गळ्याच्या आणि कपाळाच्या शिरा फुगवणारा झोंबक, गाल फुगवणारा तुंबकी, मान वाकडी करणारा वक्री, हातपाय पसरणारा प्रसारी, डोळे मिटून गाणारा निमीलक. हे आठ डोळ्यांनी बघायचे दोष आहेत. ही यादी झाली तेव्हा गुरू-शिष्य हाताच्या अंतरावर बसत.

यातला निमीलक आज कुणी दोष मानत नाही. मोठमोठे गवई डोळे मिटून गायले. बाकीचे सात आजही तसेच आहेत. आवळलेला जबडा ‘आ’काराला चेपतो. ताणलेली मान तारसप्तकात आवाज अडवते. फुगलेली शीर सांगते की आवाज पोटाच्या जोरावर न येता घशातून ढकलला जातोय. चेहरा समोरून, तोही खालून धरलेल्या फोनमधून दिसला तर हनुवटी मोठी दिसते आणि मान झाकली जाते. वक्री आणि करभ दोघेही सुटतात.

श्वास

कॅमेऱ्यात छातीच्या वरचा भाग येतो, श्वास त्याच्या खाली. पोट हललं की खांदे उचलले, हे बघूनच शिक्षक सांगत की तान का तुटली. त्यात आणखी एक भर: व्हिडिओ कॉलचे ॲप आवाजाची पातळी आपोआप सारखी करतात. रेटून गायलेला षड्ज आणि अलगद लावलेला षड्ज पलीकडे एकाच जोराने ऐकू येतात. रेटा कानाला कळायचा तो एकमेव मार्गही यंत्राने बुजवला.

तानपुरा छेडणं

पहिली तार मधल्या बोटाने, पुढच्या तीन तर्जनीने. बोट तारेला आडवं न जाता तिच्या लगत जातं, पेराच्या मऊ भागाने. ओढायचं नसतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हे छेडणं शिकलेली मुलं कमी होत चालली आहेत, कारण फोनमध्ये तानपुरा आहे आणि तो चुकत नाही. कुणी खरा तानपुरा घेऊन बसलंच, तर व्हिडिओ कॉलचं ॲप त्याच्या अखंड नादाला गोंगाट समजून काढून टाकतं. झूममध्ये मूळ आवाज चालू ठेवायची सोय आहे. ती शोधून चालू करावी लागते.

सम

पुणे ते न्यूजर्सी हे अंतर कापायला, इंटरनेटची तार अगदी सरळ टाकली असती तरी, प्रकाशाला एका बाजूने साठेक मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षातली तार लांबून जाते आणि यंत्रं आपला वेळ वेगळा लावतात. दोघांना एकत्र वाजवायचं तर तीसेक मिलिसेकंदांच्या पुढचा उशीर जाचतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा पाव सेकंदाची. जाऊन-येऊन तेवढा उशीर झाला की सरांची सम आणि विद्यार्थ्याची सम एका मात्रेने चुकतात. म्हणून सर ठेका धरत नाहीत, मूल ॲपच्या लेहऱ्यावर वाजवतं. सर हाताने टाळी-खाली दाखवायचे, मांडीवर थाप देऊन मात्रा सांगायचे. हेही त्याबरोबर गेलं.

घट्टे

सतार वाजवणाऱ्याच्या डाव्या तर्जनीवर तारेची रेघ पडते, पुढे तिचा घट्टा होतो. विद्यार्थी आला की गुरुजी कधीकधी त्याचं बोट हातात घेऊन बघत. रेघ आहे म्हणजे रियाज झालाय. रेघ टोकाजवळ आहे म्हणजे बोट नीट पडतंय. पेराकडे सरकली असेल तर आडवं पडतंय. विचारायची वेळ येत नसे. आता ‘रियाज झाला का’ असं विचारतात, आणि उत्तर ‘हो सर’ असं येतं.

हातावर हात

मुलाच्या पंज्यावर आपला पंजा ठेवून ‘धा’ वाजवून घेणं. कोपराखाली बोट लावून तो एवढासा उचलणं. आखडलेल्या खांद्यावर नुसता हात ठेवणं, की तो आपोआप खाली येतो. यातलं काहीच सांगून होत नाही. ‘हात सैल सोड’ ऐकून हात सैल सोडता आला असता, तर तो आखडलाच नसता. कॅमेरा कितीही चांगला घेतला तरी हे परत येणार नाही. या यादीतली ही एकच गोष्ट अशी, जिच्यावर घरबसल्या इलाज नाही.

दुसऱ्याची शिकवणी

आपल्या आधीच्या मुलाची शिकवणी संपेपर्यंत भिंतीशी बसायचं. त्याला सर ओरडले की आपला कोपर आपण गुपचूप सरळ करायचा. मोठ्या विद्यार्थ्यांचा हात जवळून बघायचा. मैफिलीत गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याला त्यांची पाठ दिसते. श्वास कुठे घेतला हे पाठीवरून जेवढं कळतं तेवढं समोरून कळत नाही. पडद्यावर आधीच्या मुलाची वेळ संपते, दार बंद होतं, आपलं उघडतं. मध्ये कुणी भेटत नाही.

उलट बाजू

नुसत्या कानावर शिकवता येतं, असं म्हणणाऱ्यांकडे मोठा दाखला आहे. अन्नपूर्णादेवी स्वतः सूरबहार वाजवत, पण मुंबईतल्या घरी बासरी, सतार, सरोद असं सगळं शिकवत, आणि तेही गाऊन. स्वयंपाकघरातून त्या चूक सांगत, अशी आठवण शिष्यांनी सांगितली आहे. दाखला खरा आहे. पण त्या घरात आवाज भिंतीतून येत होता, फोनमधून नव्हता. खर्ज कापला जात नव्हता, तानपुरा गाळला जात नव्हता. आणि त्यांच्यासमोर बसणारे बहुतेक जण हात घडवूनच आले होते. पहिलीतल्या मुलाचा हात घडायचा असतो.

पडद्याने काही दिलंही आहे. वरून लावलेल्या कॅमेऱ्यात बोटं क्लासमधल्यापेक्षा जवळून दिसतात. ध्वनिचित्रमुद्रण सावकाश करून पुन्हा बघता येतं. सांगलीच्या सरांना सिडनीचा विद्यार्थी मिळतो, आणि तालुक्याच्या गावातल्या मुलीला मुंबईच्या ताई. हे सोडायचं कारण नाही. कॅमेरा कुठे बघतो एवढंच बदलायचं आहे.

काय करता येईल

तबल्याला फोन स्टुलावर, समोरून थोडा तिरका आणि वरून. दोन्ही वाद्यं आणि दोन्ही खांदे चौकटीत हवेत. सतारीला उजव्या बाजूने, भोपळ्यापासून डाव्या हातापर्यंत सगळं दिसेल एवढा लांब. पेटीला दोन फोन, एक पट्ट्यांवर, एक भात्यावर. दुसऱ्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो. व्हायोलिनला थोडा वेळ बाजूने, गजाच्या टोकाकडून. गाणाऱ्याने चार फूट मागे बसावं, कमरेपासून वर दिसेल असं, आणि काही मिनिटं बाजूने वळून गावं, म्हणजे मान आणि जबडा दिसतील. खिडकी पाठीमागे नको. पूर्ण बाह्या असतील तर दुमडाव्यात. आरशाचं चित्र बंद करावं, मूळ आवाज चालू करावा.

थेट दिसण्यापेक्षा घरी काढून पाठवलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ जास्त स्पष्ट असतो. आठवड्यातून एक पाठवावा. सरांनी पहिला बोल ऐकण्याआधी ‘हात दाखव’ म्हणावं, आणि न लाजता म्हणावं. वर्षातून एकदा, सुट्टीत का होईना, समोर जाऊन बसावं. हातावर हात त्या दिवशी ठेवला जाईल, तोपर्यंत नाही.

पालकांना एवढीच विनंती: तुमचा मुलगा किंवा मुलगी पडद्यावर नीट दिसते का, हे बघू नका. शिकवणीच्या पहिल्या पाच मिनिटांत चेहरा दिसला नाही तरी चालेल. सरांना तिचे हात दाखवा.